मापाला बाई पाहिजे

आमच्या डोंगरकडा गावात ब्लाउज शिवायला टाकायचं असेल तर बाईनं स्वतः जायची गरज नसते. पिशवीत कापड घालायचं, त्याच्यासोबत अंगाला बरोबर बसणारं एक जुनं ब्लाउज घालायचं आणि पिशवी घरातल्या कुणाच्याही हाती टेलरकडे धाडून द्यायची. त्या जुन्याला मापाचं ब्लाउज म्हणतात. प्रत्येक बाईचं असं एक असतं, आणि ते इतकं विटलेलं असतं की त्याचा मूळ रंग सांगायला साक्षीदार बोलवावा लागेल. बाई शेतात असो, चुलीपुढे असो की बाजेवर असो, तिच्या वतीनं ते ब्लाउज बाजारात जाऊन येतं. ही सोय फार चांगली आहे असंच मला वाटायचं. गावात एकाच दुकानात ती चालत नव्हती, आणि त्या दुकानाची मालकीण होती कौसामावशी.

दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. एक पायमशीन, कापायची फळी, खुंट्यांना टांगलेले शिवून झालेले आणि न झालेले कपडे, आणि कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. तिथं आरसा नव्हता. का नाही म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आरसा ठिवला की बाई सोताकडं पाहाती आन पोट आत ओढती. माप खोटं येतं."

मापाचं ब्लाउज घेऊन कुणी आलं की ती ते पिशवीतून दोन बोटांच्या चिमटीत उचलून बाहेर काढायची, जणू त्यात विंचू आहे.

"हे काय?"

"माप हाय, मावशी."

"हे झंपर हाय. मापाला बाई पाहिजे. बाई पाठीव."

ब्लाउजला ती शेवटपर्यंत झंपरच म्हणायची. अंगानं उंच, हाडकुळी, दात मिश्रीनं काळे, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कुणाला हाक मारली तर आमच्या गल्लीतली माणसं ओ द्यायची. गळ्यात कायम टेप. हळदी-कुंकवाला जाताना टेप, बाजारात टेप, मयतीला गेली तरी टेप. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. कुणी थट्टा केली की टेप हातात धरून म्हणायची, "हेच माझं मंगळसूत्र. हे पिऊन येत न्हाई आन मारत बी न्हाई."

तिला देवीबिवी करून ठेवायचा माझा विचार नाही. तिच्या इतकी खोटारडी शिवणारीण मी पाहिलेली नाही. कधीही जा, "झालंच की, हुक ऱ्हायलेत निस्ते," हे उत्तर ठरलेलं. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी ब्लाउज आणायला गेले, तेव्हा तिनं डोळ्याला डोळा भिडवून हेच सांगितलं, आणि त्याच वेळी माझं कापड फळीवर पसरून ती त्याच्यावर खडूनं रेघा मारत होती. मी रडायच्या बेतात आले. "रडू नको, रडलीस की नाक सुजतं, फोटोत दिसतं," असं म्हणत तिनं तासाभरात ते शिवून दिलं. हुक मात्र खरंच राहिले, आणि मी अख्खं लग्न पाठीला पिना लावून काढलं.

माप घेण्याची तिची एक पद्धत होती. इतर टेलर छातीपासून सुरुवात करतात. ती पाठीपासून करायची. बाईला भिंतीकडे तोंड करून उभं करायची आणि मागे उभी राहून टेप लावता लावता बोलायची. "पाठ साडेतेरा. नवरा आला का पुण्याहून? खांदा पाच. सासूचं गुडघं कसं हाय? मुंढा सोळा. तुला झोप लागती का?" आकडे आणि प्रश्न एकाच सुरात. बाईचे हात वर, तोंड भिंतीकडे, समोर कुणी नाही. अशा वेळी बायका काय काय बोलून जात! कौसामावशी म्हणायची, "समोरून इचारलं की बाई 'बरं हाय' म्हणती. पाठीमागून इचारावं. पाठीला खोटं बोलता येत न्हाई."

आकडे लिहायची तिची एक लांबुडकी वही होती. एकदा ती चहा ठेवायला आत गेली असताना मी ती चाळली. नावं, त्यापुढं पाठ, खांदा, छाती, कंबर, आणि शेवटी एखादा शब्द. "झोप न्हाई." "लेक बोलत न्हाई." "हसली." एका नावापुढं चार वेळा माप घेतलेलं आणि चारही वेळा पुढं लिहिलेलं, "करमत न्हाई." तेवढ्यात ती आली आणि वही माझ्या हातातून हिसकून घेतली. "बी.एड. केलं म्हणून लोकाचं वाचायचं व्हय?" असं म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

ते करमत न्हाईवालं नाव एका बँक अधिकाऱ्याच्या बायकोचं होतं. नवऱ्याच्या बदलीमुळं ती नागपूरहून आमच्या गावात आलेली. नव्या माणसाला आपल्याकडे "करमतं का?" असं जो तो विचारतो, आणि त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर द्यायची रीत नाही. ती बाईही सगळ्यांना "हो, छान आहे गाव" म्हणायची. कौसामावशीनं पाठीमागून विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊन रडली. मावशीनं उपदेश केला नाही की देवाचं नाव घ्यायला सांगितलं नाही. म्हणाली, "उद्यापासून दुपारी येत जा. हुक लावायला मानूस पाहिजे मला." अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या दिवशी खरंच आली आणि बदली होईपर्यंत येत राहिली. दुकानात अशा दोन-तीन बायका नेहमी हुक लावत बसलेल्या असायच्या, आणि तरीही आमच्या ब्लाउजांचे हुक राहिलेले असायचे. कारण त्या बायका हुक कमी लावायच्या आणि बोलायच्या जास्त.

महाशिवरात्रीला आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचो तेव्हा ती बरोबर असायची. रांग लांबच लांब. आम्ही पायांवर पाय बदलत उभ्या, आणि ही पुढच्या बायकांच्या पाठी बघत मजेत. "ती हिरव्या लुगड्याची पाहा, डावा खांदा उतरलाय तिचा. लई वझं वाहिलेलं हाय. आन ती निळी, ती कुनावर तरी रुसून आली हाय." मी म्हटलं, "मावशी, देवाकडं लक्ष द्या की जरा." तर म्हणाली, "देवाचं माप कोन घेतं? ते बराबरच असनार."

आता मी जे सांगणार आहे त्यात माझीही चूक आहे. ती सांगितल्याशिवाय कौसामावशी पुरी होत नाही.

अर्चना ही माझी वहिनी, दादाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्यानं घर दणाणायचं. आई तिला म्हणायची, "हळू हस गं, केळीचे घड गळतील." पहिलं बाळंतपण माहेरी, सेनगावकडे झालं. तीन महिन्यांची लेक घेऊन ती परत आली ती निराळीच. अबोला धरला होता असं नाही. विचारलं की उत्तर द्यायची, पण सगळ्याचं उत्तर एकच. जेवलीस का? "बरं हाय." झोपलीस का? "बरं हाय." लेक रडू लागली की ती तिच्याकडे बघत बसायची. शेजारचं लेकरू आहे, त्याची आई आता येईल आणि घेऊन जाईल, असं बघणं होतं ते.

आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग कुठूनसा अंगारा आणून लावला. मग तिचा राग आला. "माहेरात बसून खायची सवय लागली, दुसरं काय," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. दादा केळीच्या गाड्या भरण्यात दिवसभर गुंतलेला. बाळंतिणीला असं होतंच, आपोआप जातं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्याला सोयीचं होतं. मी तेव्हा बी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी होते. मानसशास्त्राच्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. त्या गुणांचा घरात काडीचा उपयोग झाला नाही.

पाचव्या महिन्यात लेकीचं जावळ काढायचं ठरलं, औंढ्याला. वहिनीला नवी साडी घेतली. मी ब्लाउजचं कापड आणि तिचं मापाचं ब्लाउज पिशवीत घालून कौसामावशीकडे गेले. आपण जुनं गिऱ्हाईक, आपल्याला ती नाही म्हणायची नाही, असा माझा तोरा.

"बाई कुठं हाय?"

"घरी हाय, मावशी. बाळंतीण हाय ना."

"लेकरू केवढं झालं?"

"पाचवा महिना."

"मंग अजून बाजंला बांधून ठिवली का तिला? पाठीव."

"तिला बरं न्हाई."

मशीन थांबलं. "काय होऊन राहिलं तिला?"

"अशक्तपणा हाय निस्ता."

"कोन म्हनलं?"

"आई म्हणली."

"आन ती काय म्हनती?"

मला राग आला. नणंदेला कुणी असं उलट विचारत नाही. मी म्हटलं, "शिवायचं नसलं तर तसं सांगा."

"न्हाई शिवायचं," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी तशीच बसथांब्याजवळच्या नव्या लेडीज टेलरकडे गेले. त्यानं एक शब्द न विचारता मापाचं ब्लाउज घेतलं आणि सांगितलेल्या दिवशी हुकांसकट काम दिलं. मी घरी येऊन आईला म्हटलं, "याला म्हणतात धंदा."

जावळाच्या दिवशी सकाळी वहिनी तयार होऊन खोलीच्या बाहेर आली आणि ब्लाउज तिच्या खांद्यावरून घसरलं. टेलरची काहीही चूक नव्हती. त्यानं मापाबरहुकूम शिवलं होतं, बोटभरही इकडेतिकडे नाही. पण ते माप वर्षभरापूर्वीच्या अर्चनाचं होतं. एका बाहीत तिचे दोन दंड मावले असते. आई म्हणाली, "पदर घे वरून, दिसत न्हाई." मी पिना घेऊन तिच्या पाठीमागे उभी राहिले. एक पिन लावली, दुसरी लावली, तिसरी लावली. रोज माझ्यासमोर वावरणारी बाई, एका घरात आम्ही जेवतोय, आणि तिच्या पाठीचे मणके मोजता येत होते. पाचवी पिन माझ्या हातून खाली पडली. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

जावळ झालं. फोटोत पदर सारखा आलाय.

दुसऱ्या दिवशी मी ब्लाउज आत घ्यायचं निमित्त करून वहिनीला कौसामावशीकडे घेऊन गेले. आता ती मला फाडून खाणार याची तयारी ठेवली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हुक लावणाऱ्या बायकांना म्हणाली, "जा गं, आज सुट्टी." मग वहिनीला पडद्याआड नेलं. मी लेक मांडीवर घेऊन बाहेर बसले. पडदा साडीचा, सगळं ऐकू येत होतं.

"हात वर कर. पाठ साडेबारा. झोप?"

"लागत न्हाई."

"लेकरू झोपल्यावर?"

"तरी बी न्हाई."

"खांदा साडेचार. जेवन?"

नुसत्या बांगड्या वाजल्या.

"कंबर चोवीस. मनात काय येतं?"

मला वाटलं, झालं, आता "बरं हाय" येणार. मग वहिनीचा आवाज आला, अगदी सपाट.

"मावशी, हे लेकरू माझं हाय असं वाटतच न्हाई मला. मी मेले तर हिला चांगली माय मिळंल असं वाटतं. रोजच वाटतं."

त्या क्षणी लेकीनं माझं बोट धरलेलं होतं. मी आत असते तर काय म्हणाले असते ते मला पक्कं ठाऊक आहे. "असं बोलू नये वहिनी, सोन्यासारखी लेक आहे." आपण सगळे हेच म्हणतो आणि बोलणाऱ्याचं तोंड कायमचं बंद करतो. कौसामावशी एवढंच म्हणाली, "कवापासून?"

"माहेराला होते तवापासून."

"कुनाला सांगितलं?"

"तुमालाच."

"बराबर केलंस." मग म्हणाली, "हे माझ्या सुईचं काम न्हाई, माय. पन ज्याचं हाय तो डाक्टर मला माहीत हाय. तिथं जाऊ आपुन."

बाहेर आली तेव्हा ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "आजपासून हिला एकटं सोडायचं न्हाई. न्हानीत गेली तरी तू दाराशी उभं ऱ्हायचं. समजलं का?" मी मान हलवली.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती आमच्या घरी आली. आई आणि दादा ओसरीवर होते. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं की अर्चनाला मनाच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल, आणि उद्याच. आई भडकली.

"काहून? माझी सून काय येडी हाय का? लोक काय म्हनतील?"

कौसामावशी खाली बसली. टेपची एक बाजू बोटाला गुंडाळत, उलगडत तिनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जवळच्याच एका वस्तीवरच्या घरातून तिच्याकडे एका नव्या सुनेचं मापाचं झंपर यायचं. तिनं त्या मापानं नवं शिवलं. आठ दिवसांनी ते परत आलं, ढगळ होतंय, आत घ्या. तिनं आत घेतलं. दोन महिन्यांनी पुन्हा आलं, अजून आत घ्या. तिनं पुन्हा घेतलं. आत घ्यायला तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती वैतागली, घरातल्या माणसाला म्हणाली, नीट माप का देत न्हाई तुमी. आणि पुन्हा आत घेऊन दिलं.

"मी झंपर बारीक करत गेले, आन पोरगी बारीक होत गेली. एकदा बी मी म्हनलं न्हाई की बाई दाखवा. चौथ्यांदा झंपर आलं न्हाई. तिनं जीव दिला होता." तिनं हात पुढं केला. "तीन डाव माझ्या हाताखालून गेली ती. माझ्या ह्या हाताखालून."

मग तिनं सांगितलं की त्यानंतर तिचे स्वतःचेच हात चालेनात. कात्री कापडाला लावली की घाम सुटायचा. झोप गेली, जेवण गेलं. शेवटी दवाखान्यात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं तिला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे नेलं. "वरीसभर गोळ्या खाल्ल्या मी. ह्या तोंडानं. आता तूच सांग, मी येडी दिसती का?"

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "थोडी दिसतीस," ती म्हणाली, आणि मग आईलाच रडू कोसळलं. दादा उठून उभा राहिला आणि सकाळी पहिली गाडी कितीला आहे ते विचारू लागला.

डॉक्टरांनी सांगितलं की हा बाळंतपणानंतर येणारा आजार आहे, पुष्कळ बायकांना होतो, औषधानं आणि घरच्यांच्या आधारानं बरा होतो. लेकराच्या आजीनं आणि बापानं रात्रीची पाळी घ्यायची आणि हिला सलग झोपू द्यायचं, हे त्यांनी आईला आणि दादाला समोर बसवून दोन वेळा सांगितलं. दादाच्या चेहऱ्यावर शाळेत उभं केलेल्या पोराचे भाव होते.

तरी लोकांना काय सांगायचं हा आईचा प्रश्न उरलाच. महिन्याच्या महिन्याला जावं लागणार होतं. नांदेड आम्हाला जवळ, पण तिथं पावलोपावली गावातलं माणूस भेटतं, म्हणून हिंगोलीच बरी असं ठरलं. पण आमच्या गावातलं कुणी कापड घ्यायला हिंगोलीला जात नाही. तोड कौसामावशीनंच काढली. "अस्तर आनाया चाललो म्हनून सांगू. हिंगोलीचं अस्तर पान्यात आटत न्हाई." असं काहीही नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. पण दर महिन्याला ती आणि वहिनी दोघी जायच्या आणि खोटं पडू नये म्हणून खरंच अस्तराचा तागा घेऊन यायच्या. गंमत अशी की सहा महिन्यांत अख्ख्या गावाची खात्री पटली की अस्तर घ्यावं ते हिंगोलीचंच. बसथांब्याजवळचा तो टेलरही तिकडून अस्तर आणायला लागला.

वहिनी हळूहळू वर आली. एकदम नाही. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि आईचा चेहरा काळवंडायचा. गोळ्या सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असेल, एक दिवस मी लेकीला न्हाऊ घालत होते आणि वहिनी खोलीतून ओरडली, "ताई, मान धरा की तिची नीट! काय बाहुली हाय का ती?" मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. नणंदेवर कुणी खेकसल्याचा एवढा आनंद कोणत्याच घरात झाला नसेल.

पुढं पुढं आई इतकी बदलली की शेजारणीची लेक बाळंतपणाहून गप्प गप्प आली तेव्हा अस्तराचा विषयसुद्धा न काढता तिनं सरळ सांगितलं, "आमच्या अर्चनाला असंच झालतं. गोळ्यांनी बरी झाली. दाखवा तिला."

एक मात्र राहिलं होतं. कौसामावशीशिवाय वहिनी गावाबाहेर पाऊल टाकत नव्हती. दादाबरोबर नाही, माझ्याबरोबर नाही. गाडीत बसली की मावशीचा हात घट्ट धरायची, तो हिंगोली येईपर्यंत सोडायची नाही. मावशीनं एकदा हात मला दाखवला, मनगटावर बोटांचे वळ. वर्ष उलटून गेलं होतं. आणि त्याच सुमारास मावशीच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. सुईत दोरा ओवायला तिला माणूस लागायचं. जालन्याहून तिची लेक येऊन गेली आणि आईला कायमची न्यायचं ठरवून गेली.

ही गोष्ट तिनं वहिनीला सांगितली नाही, मला सांगितली. "ती आता गोळीवर न्हाई, माझ्यावर उभी हाय. म्या गेले की पुन्हा बाजंवर जाती का काय, ह्याच्यानंच मला झोप न्हाई." तिला झोप नाही, हे वाक्य ओसरीवरच्या त्या दिवसानंतर तिच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं. मी म्हटलं, आम्ही आहोत की सगळे. माझ्या त्या असण्याचा अनुभव तिला होता.

थोड्याच दिवसांनी ती जालन्याला गेली. त्याच आठवड्यात मी बाहेरगावच्या शाळेत नोकरीवर रुजू झाले होते, निरोपालाही जाता आलं नाही. पुढच्या वर्षी तिच्या लेकीचा फोन आला की आई गेली. मी वर्गात होते. पोरांना काहीतरी लिहायला सांगून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि रडले. ती गेल्याचं आजही मला खरं वाटत नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे ती उभी आहे ती आमच्या बसथांब्यावर, जाण्याच्या आठवडाभर आधीच्या त्या सकाळी.

त्या दिवशी हिंगोलीला जायचा वार होता. मी लेकीला कडेवर घेऊन दोघींना पोचवायला थांब्यावर आले होते. ऊन चढत होतं. गाडी आली. मावशीनं वहिनीला पुढं घातलं, पाठीवर हात ठेवून वर चढवलं, पिशवी हातात दिली, आणि स्वतः खाली उभी राहिली.

वहिनी दारातून वळली. "मावशी, चढा की!"

"माझं काय काम हाय हिंगोलीत? तू जा."

"मावशी, न्हाई, मी न्हाई जानार, मला..." तिचा चेहरा पांढरा पडला होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, आत व्हा नाहीतर उतरा, दार लावायचंय."

मी पुढं झाले. मावशीनं माझा दंड धरला, इतका घट्ट की मला हलता येईना. दार लागलं. गाडी सुटली. खिडकीतून वहिनी मागे बघत होती.

पन्नासेक पावलांवर गाडी थांबली.

कंडक्टरची घंटा मी ऐकली होती. दार उघडलं. उतरली, मी मनात म्हटलं, उतरली. माझ्या दंडावरची बोटं रुतत होती. मावशीला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ती गाडीच्या दिशेनं तोंड करून पुटपुटत होती, "उतरू नको. उतरू नको, माय. उतरू नको."

मग मला विचारलं, "कोन हाय? कोन उतरलं?"

रस्त्याकडच्या केळीच्या बागेतून एक म्हातारा हात वर करत धावत आला आणि गाडीत चढला. दार लागलं. गाडी पुढं गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"कुणी नाही," मी म्हटलं. "कुणीच उतरलं नाही, मावशी."

तिनं माझा दंड सोडला. रस्त्याच्या कडेला होती तिथंच ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मग मान वर न करता माझ्यावर खेकसली, "बघत काय ऱ्हायलीस? लेकराला ऊन लागून राहिलं. घरी ने तिला."